खांदा जातो, परत येतो

सोमवार, ४

कट्.

हा आवाज मी चाळीस वर्षं ऐकला. ही जमिनीवरून उठायला लागली की आधी तिचा गुडघा बोलायचा, मग ती. सकाळी नळाची धार, मग कट्, मग भांड्यांची आदळआपट. आमच्या घरची प्रार्थना म्हणायची तर हीच. मी तिला लाडानं 'कटकट' म्हणायचो. चारचौघांतसुद्धा. पाहुणे हसायचे, तीही हसायची. फार समाधानी बाई. कधी कशाची तक्रार म्हणून केली नाही. जाऊन सहा वर्षं झाली.

आज दवाखान्याच्या बाकावरून शेजारची कुणी अनोळखी बाई उठली आणि तोच आवाज आला. वाटलं, लिहायला हवं. म्हणून ही वही. सुनेनं मुलांच्या जुन्या वह्यांतली काढून दिली. पहिल्या चार पानांवर अपूर्णांक आहेत आणि तेही चुकलेले.

मी दवाखान्यात गेलो मानेपायी. "बाबा, आधी तुमचं नुसतं बोलणं तिरकं होतं, आता मानही झाली. चला," म्हणत सुनेनं गाडीत घातलं. दारावर पाटी: पुनर्वसन विभाग. पुनर्वसन म्हटलं की मला धरणाच्या पाण्यात गेलेली गावं आठवतात. "माझी मान पाण्याखाली गेली की काय?" मी विचारलं. "अजून नाकापर्यंतच आलंय. बसा," सून म्हणाली.

आत डॉक्टरबाई. वय पन्नाशीचं, केस आखूड, समोर छापील कागद. "वेदना शून्य ते दहामध्ये किती?" मी एकेचाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आहे, मला हे सहन होईना. कळ, ठणका, सणक, चमक, रग, उसण, ठसठस, चुरचुर. एवढे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या माणसांनी दुखण्याला आकडे लावायचे? मी कागदावर लिहून दिलं: 'सकाळी ठणका, गुण सहा. दुपारी रग, गुण तीन. लिहिताना चमक, विशेष प्रावीण्य.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, इथं येणारी निम्मी माणसं 'दुखतं' एवढं म्हणून गप्प बसतात. मला वेळ नाही आणि माझ्या नर्सला अक्षर नाही. सोमवारी-गुरुवारी येऊन बसाल? ते बोलतील, तुम्ही उतरवून घ्यायचं. त्यांच्याच शब्दांत."

"म्हणजे जशास तसे?"

"ते भांडणात. इथं जसंच्या तसं."

बाईंना भाषेची जाण आहे. हो म्हणालो.

गुरुवार, ७

पहिला दिवस. मला एक टेबल, एक पंखा आणि हात नसलेली खुर्ची मिळाली. व्यायामाची खोली शेजारीच. तिथं कप्प्या, दोऱ्या, मोठाले रबरी चेंडू. सर्कस सोडून गेलेल्यांचं सामान वाटतं.

आज एक अजब परीक्षा पाहिली. करंगळी मागे किती वाकते, अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलटे वळतात का, आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात का. एकूण गुण नऊ. बाई कोनमापक लावून मोजतात. कंपासपेटीतल्या कोनमापकाला इतक्या वर्षांनी काम मिळालेलं पाहून बरं वाटलं. एका मुलानं नऊपैकी आठ मिळवले. मी टाळी वाजवणार होतो.

"वाजवू नका," बाई म्हणाल्या. "हा पेपर असा आहे, की जितके गुण जास्त तितका माणूस त्रासात. सांधे बांधून ठेवणारे पट्टे सैल असतात. मग सगळं जागेवर ठेवायला स्नायूंना दिवसरात्र पहारा द्यावा लागतो. पहारेकरी थकतात, दुखायला लागतं. वरून काही दिसत नाही, म्हणून घरचेसुद्धा नाटक म्हणतात."

"व्यायामानं अंग मोकळं करायचं, एवढंच ना?"

"उलट! ह्यांना कधी ताणायचं नाही. आधीच मोकळे आहेत ते. ताकद वाढवायची, हळूहळू."

घरी येऊन स्वतःचा अंगठा मनगटाकडे नेला. वीतभर अंतर राहिलं. शून्य मिळवून उत्तीर्ण होण्याचा पहिलाच प्रसंग. हिचा मात्र टेकायचा, अगदी सहज. मुलं रडायला लागली की ती अंगठा असा उलटा करून दाखवायची आणि मुलं गप्प व्हायची. आज असती तर वर्गात पहिली आली असती.

कामाची पद्धत ठरवली आहे. माणूस बोलतो ते कच्च्या वहीत. त्यावरून सुट्या कागदावर पक्की प्रत, ती बाईंच्या टेबलावर. लोक काय बोलतात! "कंबर मेली." "टाचेत कुणीतरी राहतं." कच्च्या वहीत मी लाल शाईनं शेरे मारतो, करमणूक होते. पक्क्या प्रतीत अर्थातच 'कंबर बधिर होते', 'टाचेत सतत वेदना'. जसंच्या तसं म्हणजे अशुद्धासकट, असं बाईंना म्हणायचं नसणार.

बाईंनी टाचवालीची प्रत वाचून मान वर केली. "हे तिचेच शब्द?"

"आशय तिचाच."

त्या पुढं काही म्हणणार होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

सोमवार, ११

प्रतीक्षेच्या खोलीत भिंत रिकामी आहे. मी दोन ओळी करून नेल्या, भुजंगप्रयातात:

कुणाची कळे ना कुणाला व्यथा ही
जरा थांब, सांगून टाकी कथा ही

बाईंनी वाचल्या. "छान आहेत. पण भिंतीखालच्या बाकाचा पाय मोडलाय, तो आधी बघू." रसिकता आणि विज्ञान एका घरात नांदत नाहीत.

बाई उद्यापासून दोन आठवडे परिषदेला जाणार. त्यांच्या जागी बदली डॉक्टर येईल. "कागद नीट बघून काम करतो," असं त्याच्याबद्दल म्हणाल्या. म्हणताना चेहरा काही कौतुकाचा नव्हता.

गुरुवार, १४

बदली डॉक्टर मला पसंत पडला. पंचविशी-तिशीचा, अत्यंत वक्तशीर. माणसाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो. माझी पहिलीच प्रत हातात घेऊन म्हणाला, "सर, छापल्यासारखं! असं लिहून आलं तर पेशंटला त्रास देण्याची गरजच नाही." ते नऊ गुणांचं लचांड त्यानं बंदच केलं. दहा मिनिटांत तीन माणसं निघतात.

आज एक मुलगी आली. मुलगी म्हणजे सव्वीस-सत्तावीसची असेल. नखांत निळा रंग. दुकानांच्या पाट्या रंगवते, शिडीवर चढून, हातानं.

"कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याची तूच का?" मी विचारलं.

"मीच. आवडली?"

"अगं, 'दुरुस्ती'चे दोन्ही उकार दीर्घ काढलेस! दुरुस्तीच दुरुस्त लिहिता येत नाही?"

"मालकानं तसंच लिहून दिलं होतं आजोबा. त्याची पाटी, त्याचा शब्द." असं म्हणून खुशाल हसली. या पिढीला कशाची लाज म्हणून नाही.

तिला नव्या बाजारातल्या साऱ्या दुकानांच्या पाट्या मिळाल्या आहेत. मशीनवर प्लॅस्टिकच्या पाट्या काढणारा एक जण टपून बसला आहे म्हणे. उजवा खांदा बरा झाला पाहिजे, आणि लवकर. "हात गेला की शिडी गेली, आणि शिडी गेली की मी जमिनीवर," ती म्हणाली.

"काय होतं नक्की?"

कच्च्या वहीत आहे ते असं: "वर हात केला की खांदा जातो. मग परत येतो. कधी कधी मीच आणते."

मीच आणते! जसा काही शाळा सुटल्यावर आणायला गेली. लाल शेरा मारला: 'खांदा कुठं जातो? बाजारात?' पक्की प्रत केली: 'हात वर केल्यास खांद्यात कळ येते व जाते. प्रसंगी प्रयत्नाने थांबविता येते.' वाक्याला डौल आला. बदली डॉक्टरनं वाचलं, "आखडलाय," म्हणाला, आणि दोरी-कप्पीवर हात वर ओढायचा व्यायाम लिहून दिला. सोमवारी सुरुवात.

ती जाताना मला विचारून गेली, "नीट लिहिलंत ना?"

"तुझ्यापेक्षा नीट," मी म्हणालो.

सोमवार, १८

लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

व्यायामाच्या खोलीत ती होती. बदली डॉक्टर स्वतः दोरी ओढत होता. "अजून थोडं. अजून थोडं. सोडू नका." ती म्हणाली, "जाईल." तो म्हणाला, "जाईल, जाईल, दुखणं जाईल." मग ती ओरडली.

मी दारातून पाहिलं. खांदा खांद्याच्या जागी नव्हता. पुढे, खाली, भलतीकडेच एक उंचवटा. हात कुणीतरी चुकीचा जोडल्यासारखा.

तो बसवायला तिला दुसऱ्या इमारतीत नेलं. चाकाच्या खुर्चीवरून नेताना ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा रडत नव्हती. "आजोबा, मी सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणाली. पंखा फार आवाज करतो. मला नीट ऐकू आलं नाही, असं मी चेहऱ्यानं दाखवलं.

मंगळवार, १९

शांतपणे विचार केला. 'जातो' या क्रियापदाचे अर्थ अनेक. तोल जातो, जीव जातो, वेळ जातो, वीज जाते. 'पाय गेले' म्हणजे पाय कुठं निघून गेले असं कुणी समजत नाही. तेव्हा 'खांदा जातो' यातून नेमका अर्थ निघत नव्हता. संदिग्ध वाक्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. हे मी नववीला शिकवत असे.

शिवाय डॉक्टर कोण, तो की मी?

सुनेला हे सगळं ऐकवलं. ती कणीक मळत होती. "बाबा, मागं मी 'गॅस गेला' म्हटलं, तेव्हा तुम्ही सिलिंडर बदललात. तेव्हा कसं कळलं?"

स्वयंपाकघरात व्याकरणाची चर्चा करू नये.

गुरुवार, २१

मान दुखते म्हणून गेलो नाही.

सोमवार, २५

मान.

गुरुवार, २८

डॉक्टरबाई परतल्या. मला बोलावणं आलं. टेबलावर माझी पक्की प्रत, आणि तिच्याखाली बदली डॉक्टरची टीप: 'सांधा पूर्वीपासून निखळत असल्याचे रुग्णाने सांगितले नाही.' तो स्वतः खिडकीपाशी उभा. पहिल्यांदाच त्याच्या हातात कागद नव्हता आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "काल मी तिचे गुण काढले, चांगल्या बाजूचे. दोन मिनिटं लागली. दोरीला हात लावायच्या आधी कुणीही काढू शकलं असतं." हे खिडकीकडं बघत. मग माझ्याकडं. "बाजारवाले पाट्यांसाठी दोन महिने थांबायला तयार आहेत. पण त्यांना दवाखान्याचा कागद हवाय, की उपचारात चूक झाली, तिनं काही लपवलं नव्हतं. आमचा कागद तर उलट सांगतोय. ती म्हणते, बाहेरच्या आजोबांना सांगितलं होतं. सर, ती तुम्हाला काय म्हणाली होती?"

"कागदावर आहे तेच," मी म्हणालो.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. बदली डॉक्टर म्हणाला, "मी म्हटलंच होतं, सर इतकं स्वच्छ लिहितात." त्याच्या तोंडची स्तुती आज गोड लागली नाही.

शुक्रवार, २९

सकाळी गॅलरीत बसून शाळेतल्या कविता आठवत होतो. पावसाळ्यात पत्र्यावर सरी आणि खाली पन्नास पोरं एका चालीत. ते सुख वेगळंच. पण मध्येच भलतंच काहीतरी आठवलं.

मुलं लहान होती. ही जिन्यावर बादली घेऊन येत होती आणि मध्येच बसली. बादली खाली गडगडत गेली. ही म्हणाली, "अहो, गुडघा पळाला माझा."

मी वरूनच म्हणालो, "गुडघा पळत नाही, माणूस पळतो. कर्ता चुकला." मुलं खिदळली. ही बराच वेळ तिथंच बसली होती. पायरी पुसत असावी.

पुढं एकदा म्हणाली, "मनगट उतरलं." मी म्हटलं, "मनगट काय जिना उतरतं?" त्यालाही सगळे हसले होते. माझा हजरजबाबीपणा घरात प्रसिद्ध होता.

त्यानंतर ती असलं काही म्हणेनाशी झाली. मला वाटलं, सहवासानं भाषा सुधारली.

हे वाक्य लिहून पेन खाली ठेवलं. सून चहा ठेवून गेली, तो थंड झाला. "काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं," मी म्हणालो. तिनं 'काय गेलं' म्हणून विचारलं नाही.

शनिवार, ३०

कच्ची वही घेऊन दवाखान्यात गेलो. वाटेत घड्याळवाल्याची पाटी लागली. अक्षरं काय सुरेख आहेत! मी वर्षभर त्यातले उकारच बघत होतो.

बाईंनी ते पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "वर हात केला की खांदा जातो. मग परत येतो. कधी कधी मीच आणते." मग खालचा लाल शेराही वाचला, तोही मोठ्यानं. दारात नर्स उभी होती. 'बाजारात?' हा शब्द माझ्या कानांना इतका बेसूर कधी लागला नव्हता.

"सर, हे तेरा शब्द आहेत," बाई म्हणाल्या. "ह्यात निदान आहे, इशारा आहे, आणि ती स्वतः खांदा जागेवर बसवते तेसुद्धा आहे. पुस्तकात एवढं नीट दिलेलं नाही. आणि तुम्ही ह्याचं काय केलंत?"

"शुद्ध केलं."

 मला वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं, बाकाच्या चुकीच्या बाजूला.

"परवा खोटं का बोललात?"

"बाई, एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःच्या काढायचा सराव नाही."

"मग करा आता. वही माझ्याकडं राहील. पण नुसत्या वहीनं कागद बदलत नाही. दवाखान्याच्या चौकशी समितीपुढं तिची लेखी तक्रार यायला हवी, बुधवारपर्यंत. ती करेल की नाही, मला माहीत नाही. फार वैतागलीय. म्हणते, बोलून काय उपयोग, लिहितात दुसरंच." त्यांनी वही कपाटात ठेवली. "आणि तुम्ही इथं यायचं की नाही, तेही मी तिलाच विचारणार आहे."

बदली डॉक्टर बाहेर भेटला. "सर, तुम्ही वही द्यायला नको होती. दोघांचंही नीट चाललं होतं." मी म्हणालो, "तेच तर!" त्याला काही कळलं नाही. मलाही पूर्ण कळलं आहे असं नाही.

मंगळवार, २

दोन दिवस वाट पाहिली. फोन नाही. उद्या बुधवार. तिची तक्रार गेली नसेल तर कागद आहे तसाच राहील, आणि बाजारभर प्लॅस्टिकच्या पाट्या लागतील. त्या शुद्ध असतील, मशीन उकार चुकवत नाही.

दुपारी सून बाहेर गेली. मी तिची माफी मागणारं काहीतरी लिहायला बसलो. सुनेची नव्हे, पाटीवालीची. मंदाक्रांतेत सुरुवात केली, कारण दुःखाला ते वृत्त शोभतं. दुसऱ्या ओळीत 'खांदा' बसेना. एक गुरू जास्त होत होता. 'स्कंध' घालून पाहिलं. मग माझा मलाच राग आला, आणि कागद फाडला.

साध्या गद्यात लिहिलं: 'तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही.' हे फारच थोडं वाटलं. पुढं काही सुचेना.

तेवढ्यात बेल वाजली. सून किल्ली विसरली असणार, असं समजून कुरकुरत दार उघडलं.

दारात ती होती. एकटी. दोन जिने चढून दम लागलेला, उजवा हात गळ्यातल्या झोळीत, डाव्या काखेत कोऱ्या कागदांची चळत. नखांतला निळा रंग निघून गेला होता.

"डॉक्टरबाईंकडून पत्ता घेतला," ती म्हणाली. "तक्रार लिहायचीय, उद्या द्यायला हवी. हा हात असा. डाव्यानं लिहून बघितलं, माझं मलाच वाचता येईना."

"सूनबाई येईलच इतक्यात. ती देईल लिहून."

"नको. तुमचंच अक्षर पाहिजे. तुम्ही लिहिलेलं सगळे खरं मानतात."

मी बाजूला झालो.  "तक्रार कुणाविरुद्ध?"

"एक त्या डॉक्टरची. एक तुमची." तिनं पायानंच पायातल्या चपला काढल्या आणि आत आली. "मी बोलते, तुम्ही लिहा. मधे एक जरी शब्द सुधारलात, तर त्याची तिसरी."